ह्यांनी केली

‘ह्यांनी केली,’ शिवांजली म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर ते तिलाच ऐकू आलं.

मागच्या खोलीच्या दारात तिचे सासरे कल्याणराव उभे होते. जेवण झालं की दुकानातल्या गादीवर दोन ते साडेतीन डोळा लावायचा हा त्यांचा नेम आठ वर्षांत तिनं कधी मोडलेला पाहिला नव्हता. आज त्यांचा मुलगा बाहेर गेला होता, कुणा गिऱ्हाइकाला वायरचं बंडल हवं होतं आणि ते बंडल मागच्या खोलीत होतं. सायकल सीटवर आणि हँडलवर उलटी उभी केलेली होती. पेडल जागच्या जागी थांबलेले होते, चेनही थांबलेली होती आणि तरी मागचं चाक गरगर फिरत होतं. त्याच्या आऱ्यांचा नुसता एक राखी पडदा झाला होता. कल्याणरावांनी चाकाकडं बघितलं, खाली बसवलेल्या मोटरीकडं बघितलं, मग तिच्याकडं. तिचे हात मनगटापर्यंत ग्रीसनं काळे होते. उजव्या हातात पाना होता. पदर कमरेला खोचलेला होता आणि कपाळाचा घाम पुसताना तिथंही एक काळा पट्टा उठला असणार. ‘ही कुणी केली?’ त्यांनी विचारलं होतं. ती ‘ह्यांनी’ म्हणाली, आणि त्यांना ते पटलं. हातातला पाना, एवढं ग्रीस डोळ्यांसमोर असून पटलं.

‘रविनं?’ कल्याणराव आत आले. त्यांनी फिरत्या चाकासमोर तळहात धरला, वारा लागतो का बघितला. ‘मला वाटायचं ह्या पोराच्या डोक्यात नुसता भुसा हाय. मला बोलला न्हाई तो. कावून बोलला न्हाई गं?’

‘सगळं झाल्यावर सांगणार होते.’

‘लई मोठं काम केलं की गं त्यानं,’ ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मध्येच चिरला. एवढी वर्षं ह्या माणसाला मुलाबद्दल बोलताना तिनं फक्त सुस्कारा टाकताना ऐकलं होतं. आता त्यांचा चेहरा एखाद्या लहान मुलासारखा उजळला होता. त्या चेहऱ्याकडं बघत ‘मी केली’ म्हणणं म्हणजे त्यांच्या हातातलं काहीतरी हिसकावून घेणं होतं. ते वायरचं बंडल न घेताच परत गेले आणि दुकानात गिऱ्हाइकाला सांगू लागले. तिनं मोटरीची वायर काढली. चाक बराच वेळ उगाच फिरत राहिलं.

आपण असं का म्हणालो? कुणी बळजबरी केली नव्हती. भीती वाटली म्हणावं तर कल्याणराव रागावणारे नव्हते. दिवसातून दोनदा लिंगपूजा करणारा, गळ्यातलं इष्टलिंग सांभाळत हळू बोलणारा माणूस. वाक्य तोंडातून असं निघालं होतं की जणू ते कधीपासूनच तोंडात तयार होतं. आणि होतंच. आष्टीला तिच्या वडिलांचं, विश्वेश्वरांचं, मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळलेल्या मोटरी बैलगाडीतून, टेंपोतून यायच्या. त्यांच्या पोटातलं काळं पडलेलं तांबं उपसून काढायचं आणि नवं भरायचं. वडिलांची बोटं जाड. खाचेत दाबताना तारेवरचा पापुद्रा सोलायचा. तिची बोटं बारीक म्हणून बारा-तेरा वर्षांची असल्यापासून गुंडाळी तिच्याकडं आली. ती वेढे मोजायची आणि वडील बाहेर गिऱ्हाइकाशी पावसापाण्याचं बोलायचे. गिऱ्हाइक म्हणायचं, विश्वेश्वरआप्पा, तुमच्या हाताची मोटर दहा वर्षं बघायला लागत न्हाई. वडील म्हणायचे, महादेवाची कृपा. गोणपाटाच्या पडद्यामागं ती पुढचा वेढा मोजायची. तेव्हा त्याचं काही वाटल्याचं तिला आठवत नव्हतं. आठवत होतं ते हे की गेवराईचे लोक बघायला येणार म्हटल्यावर आईनं तीन दिवस रॉकेलच्या बोळ्यानं तिची नखं घासली होती, कारण वॉर्निशचा पिवळेपणा जात नव्हता. आणि वडिलांनी पाहुण्यांना सांगितलं होतं, तिला स्वयंपाक येतो, शिवण येतं, वचनं पाठ आहेत. सगळं खरंच होतं. शिवणसुद्धा येत होतं.

सायकल रविनं दोन वर्षांपूर्वी, शहाण्णवच्या दिवाळीत, औरंगाबादहून आणली होती. डोंगरावर चालवायची गियरची सायकल. जाड खाचेरी टायर, रुंद सरळ हँडल, अठरा गियर. त्या दिवसांत रोज काहीतरी नवीन येत होतं. दुकानात रंगीत टीव्हीची खोकी येत होती, चौकाचौकात एसटीडीचे पिवळे बूथ उभे राहत होते, आणि टीव्हीवर कुणीतरी गोरा तरुण अशाच सायकलवरून खडकांवरून उड्या मारत जायचा. रवि महिनाभर हायवेपर्यंत जाऊन आला. मग चौकातल्या मित्रांनी विचारायला सुरुवात केली, रविशेठ, डोंगर कुठाय बे? सायकल मागच्या खोलीत आली, रिकाम्या खोक्यांच्या मागं गेली. रविचं असंच असायचं. त्याला एखाद्या गोष्टीचा लळा लागायचा आणि कुणी हसलं की तो ती गोष्ट चोरून आणल्यासारखी लपवायचा. शिवांजलीला तो आवडायचा तो बहुधा ह्याचमुळं, आणि त्याची कीव यायची तीही ह्याचमुळं.

पुढं एका दुपारी भंगाराच्या पेटीत तिला ट्रकच्या वायपरची मोटर सापडली. ती तिनं नुसती हातात घेतली. वजन बघितलं. दांडा बोटांनी फिरवला तर आतून गियरचा तो जड, न नमणारा विरोध आला, आणि तिच्या मनगटात काहीतरी सहा-सात वर्षांनी जागं झालं. त्यानंतर दीड वर्ष रोजच्या दुपारी. सासरे झोपलेले, रवि दुकानात, सासू जाऊन चार वर्षं झालेली, घरात मूल नाही. ह्या शेवटच्या गोष्टीबद्दल आता कुणी बोलायचं नाही, आणि न बोलण्याचाही एक आवाज घरात असायचा. मोटर तिनं उघडली, आतली तार काढून जाड तार भरली. पहिल्यांदा भरलेली जळाली. दुसऱ्यांदा मोटरीच्या आत वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे ठिणग्या टाकायला लागले. मोटरीला मोठं दातेरी चक्र लावलं, मागच्या चाकाला छोटं. कटलरी विकायला येणाऱ्या बाईकडून वेल्डिंगवाल्याला चिठ्ठी पाठवून जोड करून घेतला. बॅटरीचा प्रश्न सगळ्यात अवघड होता. चारचाकीची बॅटरी कॅरियरवर ठेवली की सायकल मागून डुलायची. शेवटी स्कूटरच्या दोन लहान बॅटऱ्या दांडीच्या दोन बाजूंना टांगल्या, गाढवाच्या पाठीवरच्या गोण्यांसारख्या, आणि सायकल सरळ उभी राहिली. रविला माहीत होतं का? अर्धवट. एकदा तिनं तारा जोडायला शिसं मागितलं तर त्यानं काही न विचारता आणून दिलं होतं. ते त्याचं प्रेम होतं की कुतूहलाचा अभाव, हे तिनं ठरवलं नव्हतं.

मागच्या खोलीला एक मागचं दार होतं. ते बोळात उघडायचं. गेल्या महिन्यात, एकदाच, तिनं सायकल त्या दारातून बाहेर काढली होती. हँडल दारापेक्षा रुंद, तिरपं करून काढावं लागलं. तिला सायकल चालवता येत नव्हती. आष्टीत ती कधी शिकली नाही, कुणी शिकवली नाही. सीटवर बसून, भिंतीला हात लावून, तिनं बटण दाबलं. समोरच्या उंबऱ्यावर छबुबाई ज्वारी निवडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं.

‘अगं, पाय मारीनास कावून? पडशीन की!’

‘पाय मारायचे नसतात छबुमावशी.’

‘मंग कशी चाललीया ती?’

पण तोवर शिवांजली पुढं गेली होती. भिंतीवरून तिचा हात सुटला होता. चाळीस पावलं असतील. हापशापर्यंत. पाठीमागून कुणीतरी थोराड, अबोल माणूस तळहात लावून ढकलतोय असं वाटत होतं, आणि गालांवरून वारा चालला होता. हापशापाशी तिला वळता आलं नाही. उतरून तिनं सायकल हातानं माघारी आणली. छबुबाई तिच्याकडं बघत राहिली, आणि शिवांजलीला वाटलं, ह्या बाईनं आपल्याला उघडं पाहिलं आहे. त्या दिवसापासून ती बोळाच्या पलीकडचा विचार करायची. हापशाच्या पुढं शाळेची भिंत, भिंतीपुढं हायवे. हायवेला लागून कुठं जायचं हे तिनं ठरवलं नव्हतं. फक्त वळायला शिकायचं होतं.

कल्याणरावांनी चार दिवसांत सगळी बाजारपेठ गोळा केली. बाजार समितीचे अर्जुनराव, दीडशे एकरांचे मालक, पांढरे कपडे आणि हातात मोठं घड्याळ, स्वतः येऊन सायकल बघून गेले. बीडला पुढच्या आठवड्यात शेती अवजारांचं प्रदर्शन होतं. ‘रविला तिथं उभा करू,’ ते म्हणाले. ‘गेवराईच्या पोरानं केलीया, दाखवू की लोकांना.’ चहा घेऊन शिवांजलीच बाहेर आली. अर्जुनरावांनी तिच्याकडं बघून मान हलवली. ‘नशीबवान हायेस पोरी.’

त्या दिवशी चहाचे कप विसळताना रवि तिच्यामागं येऊन उभा राहिला.

‘असं कावून सांगितलं तू?’

‘चुकून गेलं तोंडातून.’

‘चुकून? शिवा, मला त्यातलं एक अक्षर येत न्हाई. तिथं लोक विचारतील.’

‘मी शिकवते.’

‘आपण खरं सांगून टाकू.’

तिनं कप उपडा ठेवला. ‘अण्णांचं तोंड बघितलं का तुमी चार दिवसांत?’

रविनं ते बघितलं होतं. दुकानात वडील त्याला आता ‘रविशेठ’ म्हणत होते, गिऱ्हाइकासमोर त्याचं मत विचारत होते. छत्तीस वर्षांच्या माणसाला पहिल्यांदा. त्याच्या चालण्यातसुद्धा फरक पडला होता, खांदे थोडे मागं गेले होते, आणि त्याची त्याला लाज वाटत होती हेही तिला दिसत होतं.

मग आठ दिवस तिनं त्याला शिकवलं. ही मोटर, हे कार्बन, हे दातेरी चक्र. मोटर गरम झाली तर किती वेळ थांबायचं. चढावर कुठला गियर. तो शाळकरी मुलासारखा डोळे मिटून पाठ म्हणायचा आणि चुकला की जीभ चावायचा. तिनं त्याचं बोट धरून तांब्याच्या पट्ट्यांवरून फिरवलं, खाच कुठं लागते ते दाखवलं. लग्नाला आठ वर्षं होऊन गेली, पण ती इतका वेळ बोलतेय आणि तो ऐकतोय असं कधी झालं नव्हतं. एकदा तो म्हणाला, ‘तुला एवढं येतं, मला म्हाईतच न्हवतं,’ आणि तिला इतका आनंद झाला की तिनं तोच भाग त्याला पुन्हा उघडून दाखवला. पण त्याच वेळी असंही वाटत होतं की सांगितलेला एकेक भाग आपल्यातून सुटून त्याच्याकडं चाललाय. रात्री जेवताना तो वडिलांना तिचीच वाक्यं सांगायचा, तिच्याच शब्दांत, आणि ती भाकरी वाढताना ती वाक्यं परक्या घरात आपली साडी दोरीवर वाळताना दिसावी तशी ऐकायची.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला दुकानातला फोन वाजला. ती आत ज्वारीचं पीठ मळत होती. कल्याणरावांचा आवाज आला, ‘अरे मंग तूच बघ की, तूच केलीस ना?’ मग, वेगळ्या आवाजात, ‘शिवांजली. जरा बाहेर ये.’

ती पिठाच्या हातांनी बाहेर आली. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. कुणी होल्डर घेत होतं, कुणी पाइप. कल्याणरावांनी रिसीव्हर तिच्याकडं केला. ‘तुझ्याशी बोलतो म्हणतोय.’

‘शिवा,’ रविचा आवाज घाबरलेला होता, मागं लाउडस्पीकर चालू होता. ‘बंद पडली. चढणीवर चालवून दाखवली, दोनदा चालली, तिसऱ्यांदा बंद. अर्जुनराव बारा वाजता शेती खात्याच्या साहेबांना घेऊन येतायत. मी बूथवर हाय, सायकल इथंच आणलीया.’

तिनं सगळ्यांकडं पाठ केली, पण फोनची वायर आखूड होती, पूर्ण पाठ करता आली नाही. ‘वास येतोय का?’ ती हळू म्हणाली.

‘काय? मोठ्यानं बोल!’

‘वास! कसला वास येतोय?’

‘जळल्याचा.’

‘लाख जळल्यासारखा का धुळीवर पाणी मारल्यासारखा?’

तिकडं तो वास घेत असावा. दुकानात पाइप घेणाऱ्यानं पाइप खाली ठेवला. ‘लाखेचा न्हाई,’ रवि म्हणाला. ‘कोळशाचा.’

‘बटण दाबा आणि फोन मोटरीला लावा.’

कानात खरखर झाली. मग लांबून, एखाद्या विहिरीच्या तळाशी कुणीतरी कण्हावं तसा, तिच्या मोटरीचा आवाज आला. तिनं डोळे मिटले. दुकान नाहीसं झालं. तो आवाज तिला स्वतःच्या श्वासाइतका ओळखीचा होता आणि त्यात काय कमी आहे हे तिला लगेच कळलं. ‘कार्बन अडकलाय,’ ती म्हणाली, आणि आता ती हळू बोलत नव्हती. ‘डावीकडचा. झाकणाचे दोन स्क्रू काढा. स्प्रिंग उडंल, बोट ठेवा तिच्यावर. कार्बन बाहेर काढा, पॉलिश पेपरवर घासा, अगदी हलका, तीनदा. चारदा न्हाई. परत घालताना घासलेली बाजू तीच ठेवा, उलटी न्हाई. मी थांबते.’

ती थांबली. सात-आठ मिनिटं असतील. कुणीही दुकानातून गेलं नाही. तिच्या हातावरचं पीठ वाळून भेगाळत होतं. मग कानात परत तो आवाज आला, आता भरलेला, एकसारखा, आणि रवि ओरडला, ‘चालली! शिवा, चालली!’ तिनं डोळे उघडले. समोर कल्याणराव होते. ते तिच्या तोंडाकडं बघत नव्हते, तिच्या हाताकडं बघत होते, आणि ह्या वेळी तो हात त्यांना दिसला.

त्यांनी तिच्याकडून रिसीव्हर घेतला. ‘शाबास रवि,’ ते मोठ्यानं म्हणाले. ‘शाबास.’ फोन ठेवला आणि गिऱ्हाइकांकडं वळून हसले. ‘सगळं लिहून ठेवून गेलाय पोरगा. घरी पाठ करून घेतलं सुनेकडनं, म्हणलं वेळ आली तर असावं.’ गिऱ्हाइकं हसली. पाइपवाला पाइप मोजायला लागला. ‘जा तू आत,’ कल्याणराव तिला म्हणाले, आणि हे त्यांनी फार मायेनं म्हटलं.

ती आत गेली. पीठ मळायला घेतलं. तिला राग यायला पाहिजे होता, ती त्याची वाट बघत होती, पण आधी आली ती एक विचित्र सुटका. आता त्यांना माहीत आहे. मग कळलं की ही सुटका नाही. इतके दिवस ती एकटी खोटं बोलत होती, म्हणजे ती कधीही खरं बोलू शकत होती. आता त्या खोट्याला घरातल्या वडीलधाऱ्या माणसानं हात लावला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गवंडी आणि सुतार आले. मागच्या खोलीतली खोकी निघाली. बाभळीचं जाड टेबल आलं, चार माणसांनी उचलून. त्यावर काम घट्ट धरायचा शेगडीएवढा लोखंडी शिकंजा बसवला. वडिलांच्या दुकानातसुद्धा असा नव्हता, ते दोन विटांत धरून काम करायचे. भिंतीवर पंखा आला, ट्यूब आली, पाने अडकवायला खिळे. शिवांजली दाराशी उभी राहून बघत होती आणि तिचं मन, तिला न विचारता, हरखत होतं. शिकंज्याचा दांडा तिनं फिरवून बघितला. जबडे तेलातून सरकल्यासारखे मिटले. तिला पटापट दहा कामं सुचली.

‘पसंत हाय का?’ कल्याणराव म्हणाले. ते तिच्या मागं येऊन उभे होते. ‘आता काम वाढणार. अर्जुनराव म्हणत होते, लोकं मागतायत. तू इथं बस, निवांत. भांड्याला बाई लावू. काय लागंल ते मला सांगायचं, रविला न्हाई. फक्त...’ त्यांनी टेबलावरून हात फिरवला. ‘त्या पोराला पहिल्यांदा लोकं मान देतायत. तू शहाणी हायेस.’

‘हो,’ ती म्हणाली.

मग तिला दिसलं. टेबल मागच्या दाराला लावलं होतं. खोली अरुंद, दुसरीकडं बसलंच नसतं. दाराची खालची कडी टेबलाच्या फळीमागं गेली होती. ‘अण्णा, ते दार...’

‘त्याला काय काम हाय आता? मांजरं येतात त्याच्यातनं. आन बोळातनं माणसं डोकावतात. हलू नये म्हणून पाय पक्के करून घेतोय.’ गवंडी टेबलाच्या पायांभोवती फरशी फोडून सिमेंट भरत होता. जाताना तो म्हणाला, ‘उद्यापर्यंत धक्का लागू देऊ नका. आन चार-चार तासांनी पाणी मारा, न्हाई तर तडकंल.’

रवि तिसऱ्या दिवशी यायचा तो एक दिवस आधीच, उन्हं उतरताना आला. सायकल टेंपोतून उतरवून दुकानातूनच आत आणली. मागच्या खोलीत आल्यावर त्यानं पंखा, टेबल, शिकंजा बघितला, पण त्याला काही दिसत नव्हतं, तो काहीतरी बोलण्यासाठी आला होता. तोंड धुतलं नव्हतं, गळ्यात प्रदर्शनाचा बिल्ला तसाच होता.

‘मी सांगणार हाय अण्णांना,’ तो म्हणाला. ‘खरं काय ते. टेंपोत बसल्यापासून ठरवलंय. माझ्याच्यानं न्हाई होत. तिथं फोटो काढले माझे. साहेब म्हणले, पुढची कल्पना काय? मला ती कल्पना सांगता येईना, शिवा. मी नुसता उभा. आत्ता जातो आन सांगतो.’

एवढं धीट तिनं त्याला कधी बघितलं नव्हतं.

‘त्यांना माहीत आहे,’ ती म्हणाली.

‘कुणाला?’

‘अण्णांना. तुमचा फोन आला तेव्हापासून.’

रवि उरलेल्या एका खोक्यावर बसला. ‘मंग मला फोनवर शाबास कावून म्हणले?’

त्याचे मागं गेलेले खांदे हळूहळू पूर्वीच्या जागी आले. बिल्ला त्यानं काढला नाही, नुसता बोटांनी फिरवत राहिला. तिला वाटलं, त्याच्याजवळ जाऊन बसावं. वाटलं, दोघांनी मिळून आत्ता हे टेबल ढकलावं. सिमेंट अजून ओलं आहे, दोघांचा जोर लागला तर सरकेल, कडी निघेल, दार उघडेल. ती खाली वाकली. पहिल्या पायाशी बोट टेकवलं. बोट किंचित आत गेलं. कडेला एक केसाएवढी भेग पडायला लागली होती. गवंड्यानं कोपऱ्यात माल कमी भरला होता, आणि इथं सुकलं तर पाय कायमचा डुगडुगणार, शिकंजा हलणार, ह्या टेबलावर कधीच नीट काम होणार नाही. डुगडुगणाऱ्या टेबलावर वेढा मारायचा म्हणजे तार तुटणारच.

‘शिवांजली,’ दुकानातून आवाज आला. ‘पाणी मारलं का गं?’

‘मारते,’ ती म्हणाली.

तिनं भेगेवर अंगठा फिरवून ती बुजवली. माठातून तांब्या भरून आणला. धार बारीक धरली, माल वाहून जाऊ नये म्हणून. रवि खोक्यावर बसून बघत होता. चारही पायांना तिनं सावकाश पाणी घातलं. चौथ्याला थोडं कमी पडलं, तेव्हा ती उठली आणि पुन्हा तांब्या भरून घेऊन आली.